काळ्या गाडीला ग्लेज: अर्धं बॉनेट हाताने, अर्धं मशीनने

अण्णांनी डिकीच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवला आणि माझे साडेसहा हजार रुपये पुसले गेले.

गाडी माझी काळी. सेडान, २०१४ ची, मी दुसरी मालकीण. मिरजेत काळी गाडी बाळगणं म्हणजे पांढरं धोतर नेसून गुऱ्हाळात बसण्यासारखं. उन्हाळ्यात धूळ, गळीत हंगामात पेटवलेल्या फडांची राख, बोअरच्या पाण्याचे वाळून बसलेले पांढरे ठिपके, आणि बारा महिने सकाळी सहाला येणारा गाडी पुसणारा पोरगा. त्याच्याकडे एक बादली, एक फडकं आणि अकरा गाड्या. माझी नववी. तोवर बादलीत काय उरत असेल ते तुम्हीच ओळखा. तीन वर्षांत बॉनेटची अशी दशा झाली की गाडी उन्हात उभी केली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारखं दिसायचं.

हे ओरखडे गोल नसतात बरं का. मलाही आधी वाटायचं की पोरगा गोल गोल पुसतो म्हणून गोल उठतात. तसं नाही. ते सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे पडलेले तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. रात्री मोबाईलची बॅटरी लावून बॉनेटवरून हळूहळू सरकवा, जाळं बॅटरीबरोबर चालत येतं.

तर दिवाळीच्या आधी मी गाडी एका डिटेलिंगवाल्याकडे दिली. त्याचं नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. सकाळी दहाला गाडी सोडली, दीडला फोन आला, 'मॅडम, घेऊन जा.' बिलावर लिहिलं होतं 'पेंट करेक्शन, टू स्टेप'. गाडी बघितली तर आरसा. मी तिथल्या तिथे पैसे दिले, वर पोरांना चहापाण्याला शंभर दिले. आज कळतं की एवढ्या गाडीचं दोन टप्प्यांचं खरं करेक्शन, म्हणजे रंग घासून ओरखडे काढणं, साडेतीन तासांत होत नाही, दिवस जातो, कधी दोन जातात. तेव्हा मात्र मी त्या आरशात स्वतःचे केस नीट करत होते.

पाचव्या धुण्याला जाळं परत. तेच, तिथेच. जाऊन विचारलं तर मालक म्हणाला, 'काळ्या गाडीला असंच असतंय, मॅडम. वर्षातनं दोनदा करून घ्यायला लागतंय.'

अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या कारखान्यात अडतीस वर्षं पॉलिशचं काम केलं त्यांनी. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि त्यावर अण्णांचा हात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, 'मानांकन भोपळ्याला मिळालं का पॉलिशला?'

त्यांना मी डिकी दाखवली. ते दोन्ही अंगांनी वाकून बघत राहिले, मग बोटांच्या पाठीने पत्रा चाचपला. (बोटांची टोकं राठ झालेली असतात, पाठीला खरं कळतं, असं त्यांचं म्हणणं.) आणि म्हणाले, 'स्पिरिट मारून बघू.' जुनं वाद्य दुरुस्तीला आलं की वर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश आहे की दुसरं काही, हे बघायला ते हेच करायचे. चपडा असेल तर स्पिरिटने सुटतो, बोळा चिकटायला लागतो. गाडीसाठी मी त्यांना निम्म्याहून जास्त पाणी घालायला लावलं, आणि कोपऱ्यातच करा म्हणाले. नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर हा उद्योग करू नये. माझा रंग कंपनीतला आणि पुरता मुरलेला होता.

पहिल्या हातात काही नाही. दुसऱ्या हातानंतर तळहाताएवढ्या जागेत ओरखडे लख्ख उघडे पडले, आणि भोवती, जिथे बोळा लागला नव्हता तिथे, अजून थोडी झाक शिल्लक होती. सारवलेल्या भिंतीवर पोपडा पडावा तशी कड दिसत होती.

'भरलंय गं हे,' अण्णा म्हणाले. 'घासलेलं न्हाई.'

साडेसहा हजारांत मला जे लावून मिळालं होतं, त्याला ग्लेज म्हणतात. दोन तास मोबाईलवर वाचून हा शब्द सापडला. आणि मग राग शांत झाल्यावर असं वाटलं की पदार्थाचा काय दोष? ज्याने करेक्शन म्हणून विकलं त्याचा दोष. पदार्थ स्वतः लावून बघावा. म्हणून हे सगळं.

ग्लेज म्हणजे काय, ते माझ्या शब्दांत सांगते. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. ओरखडे पडतात ते बहुतेक याच थरात. त्यांच्यावर दोन इलाज. एक तर ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतीचा थर घासून खाली आणायचा, म्हणजे गॅरेजवाले ज्याला रबिंग म्हणतात ते. त्यात दर वेळी काही मायक्रॉन कायमचे जातात. नाहीतर ओरखड्यात काहीतरी भरायचं. ग्लेज भरतं. त्यात तेलं असतात आणि मैद्याहून बारीक मऊ पूड, बऱ्याचदा चिनी माती. ओरखड्याच्या कडांवर उजेड विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. खाचेत तेल-माती बसली की उजेड विखुरायचा कमी होतो आणि खालचा काळा रंग ओला झाल्यासारखा गडद दिसतो. ओली फरशी जशी गडद दिसते, अगदी तसंच. घासणं जवळजवळ नाहीच. संरक्षणही नाही. हा निव्वळ रंगाचा मेकअप आहे.

डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना ग्लेज जुनं माहीत आहे, आणि त्याला कारणही चांगलं. नवा रंग मारल्यावर त्यातलं थिनर काही आठवडे बाहेर पडत असतं, त्यामुळे लगेच वर मेण लावू नये असं सांगतात. ज्या ग्लेजमध्ये मेण आणि सिलिकॉन नसतं ते अशा ताज्या रंगावर चालतं. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या वेळी झळाळी येते आणि रंगाचा श्वासही कोंडत नाही.

अण्णांना यातली एक गोष्ट फार आवडली. 'मिरर ग्लेज' या नावाने माल विकणारी अमेरिकेतली मेग्वायर्स ही कंपनी १९०१ मध्ये सुरू झाली ती गाडीच्या पॉलिशने नाही, लाकडी सामानाच्या पॉलिशने. फ्रँक मेग्वायर नावाचा माणूस घरच्या गॅरेजमध्ये फर्निचर पॉलिश बनवायचा. मोटारींचा धंदा मागून वाढला, आणि २०११ मध्ये थ्रीएमने कंपनी विकत घेतली. हे वाचून दाखवल्यावर अण्णा खुर्चीत सरळ बसले. 'म्हणजे आमच्याच धंद्यातला की!' तिथून पुढे गाडीचं काम त्यांच्या अखत्यारीत आलं.

मी आणलेल्या बाटलीचं नाव लिहीत नाही. ४७३ मिलिलिटर, १,४५० रुपयांना पडली, काळ्या आणि गडद गाड्यांसाठी म्हणून विकतात. पातळ शिकरणीएवढी दाट, वास रॉकेलच्या मावसभावासारखा. मेण नाही, सिलिकॉन नाही, असं बाटलीवर लिहिलेलं. तुम्ही दुसरी कुठली आणलीत तरी पुढचं बरंचसं तसंच लागू पडेल.

खरा प्रश्न होता हाताने की मशीनने. ज्याला विचारावं तो मशीनचं नाव घेतो. कोल्हापूरच्या भाच्याकडे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन आहे, म्हणजे तबकडी स्वतःभोवती फिरते आणि फिरता फिरता हेलकावतेही, त्यामुळे एका जागी रंग तापून जळायची भीती कमी. गॅरेजमधलं नुसतं गरगर फिरणारं मशीन नवख्याने हातात घेऊ नये, कडेचा रंग उडतो. भाचा म्हणाला, 'मावशी, हातानं कोण करतंय आता? मशीन घेऊन येतो.' अण्णा म्हणाले, 'मशीन घेऊन ये, आणि बाजूला उभा राहा.'

म्हणून बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावली. डावी बाजू हाताची, उजवी मशीनची.

तारीख १६ फेब्रुवारी, सकाळी सात. पार्किंगमध्ये सावलीत. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. उन्हाने तापलेल्या बॉनेटवर ग्लेज टाकलं तर ते जागच्या जागी करपून बसतं. आदल्या संध्याकाळी शांपूने दोन बादल्यांत गाडी धुतली, मग क्ले बार फिरवला, म्हणजे रंगाला चिकटलेला मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी. क्लेचा एक साधा प्रयोग करून बघा: धुतलेल्या बॉनेटवरून उघडा हात फिरवा, गुळगुळीत वाटेल. आता हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून फिरवा. रवा पसरल्यासारखं खरखरीत लागतं. ते सगळं चिकटून बसलेलं असतं आणि शांपूने निघत नाही. क्लेनंतर पिशवी नुसती घसरत गेली. मग जुन्या भरणीचा अंशही नको म्हणून पातळ स्पिरिटचा एक हात. बॉनेट इतकं कुरूप झालं की भाच्याने फोटो काढून ठेवला.

आधी हाताची बाजू. फोमचा गोल अ‍ॅप्लिकेटर, एकशेवीस रुपयांचा. अण्णांना तो पटला नाही, त्यांनी आपला बोळा काढला: आत कापूस, वरून कित्येकदा धुतलेला धोतराचा तुकडा. याच बोळ्याने त्यांनी शेकडो तंबोऱ्यांवर थर चढवलेत. पण गाडीवर बोळा हरला. धोतराने ग्लेज पिऊन टाकलं, पत्र्यावर काही उतरेचना; चार थेंब, आठ थेंब, बोळा आपला तेल पिऊन फुगलेला. अण्णांनी तो नाकाजवळ नेऊन हुंगला आणि काही न बोलता फोम मागितला.

हात मात्र त्यांचाच चालला. वाटाण्याएवढे चार थेंब, दोन बाय दोन फुटांची जागा, त्याहून मोठी नाही. मी गोल फिरवायला गेले तर म्हणाले, 'गोल न्हाई. चारचा आकडा काढत जा.' मराठी ४. पाटीवर गिरवतो तसा, एकात एक गुंतलेला, कड ते कड, मग वरून सरळ हात. वजन टाकायचं नाही. 'भोपळा फुटंल असं समज.' आपल्याला घासायचं नाहीये, सरकवून भरायचंय, हे मला पुस्तकी भाषेत कळलं होतं. भोपळा म्हटल्यावर मनगटाला कळलं. डावं बॉनेट पुसण्यासकट पस्तीस मिनिटांत झालं, आणि माझा खांदा भरून आला.

उजवीकडे मशीन. पाच इंची काळा मऊ पॅड, नुसत्या फिनिशिंगचा. डायल सहापर्यंत होती, आम्ही दोनवर ठेवली. पहिला धडा: ग्लेज आधी पॅडने पत्र्यावर टेकवून पसरायचं आणि मग बटण दाबायचं. भाच्याने आधी बटण दाबलं. काचेवर, वायपरवर, अण्णांच्या शर्टावर पांढरे शिंतोडे. दुसरा धडा: मशीनचं वजन पुरतं, वरून दाबू नका. तिसरा असा नाहीच. मशीन आपोआप चालतं, बारा मिनिटांत अर्धं बॉनेट झालं, आणि थर इतका पातळ आणि एकसारखा बसला की पुसताना फडकं लोण्यावरून जातंय असं वाटलं. इथे मशीनला पैकीच्या पैकी गुण. हाताने लावलेला थर कुठे जाड कुठे पातळ होता, आणि जाड जागी तो पुसून निघता निघत नव्हता.

आणि पुसणं हेच खरं काम आहे, लावणं नव्हे. कुठल्याही व्हिडिओत पुसणं पाच सेकंदांत संपतं. इथे पहिल्या पुसण्यानंतर सगळं छान दिसलं, मी फोटो काढला. वीस मिनिटांनी बघते तर ट्यूबलाईटच्या प्रतिबिंबात तेलकट ढग. पुसलं. गेलं. परत आले. मी दुसरं मायक्रोफायबर घेतलं, मग तिसरं, आणि बाटली परत करायच्या गोष्टी बोलायला लागले.

'तेल वर येतंय,' अण्णा खुर्चीतून म्हणाले. 'अजून यायचंय. चहा घे, मग पुस.'

फ्रेंच पॉलिशमध्येही बोळा अडकू नये म्हणून जवसाच्या तेलाचा थेंब घेतात, आणि ते तेल नंतर पृष्ठभागावर येतं. ते काढल्याशिवाय पॉलिशची खरी झळाळी दिसत नाही. घाई केली तर तेच तेल इकडून तिकडे सारवत बसता. चहा झाला, पोहे झाले, पाऊण तासाने मी कोरड्या, आखूड लवेच्या मायक्रोफायबरने एकच हलका हात फिरवला आणि ढग गेले ते गेलेच. म्हणून सांगते: किमान चार फडकी ठेवा, आणि मध्ये पोहे ठेवा.

टेप काढली. भाचा म्हणाला, 'उजवी बाजू भारी दिसतीय.' त्याला माहीत होतं ना, म्हणून. आम्ही शेजारच्या काकूंना खाली बोलावलं. त्यांनी डावीकडे बोट दाखवलं, मग उजवीकडे, मग म्हणाल्या, 'दोन्हीकडं सारखंच की गं, तू काय विचारतीयस?' मलाही खरंच फरक दिसत नव्हता. बारीक जाळं दोन्हीकडे सत्तर-ऐंशी टक्के गायब, काळा रंग विहिरीत वाकून बघितल्यासारखा खोल.

अण्णा तोवर जिन्यात होते, कुठली बाजू कशाची ते त्यांना विसरायला झालं होतं की ते नाटक करत होते ते मला माहीत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे बारीक करून त्यांनी बॉनेटच्या वरच्या कडेकडे, वॉशरची नळी असते तिथे, बघितलं. 'ही मशीनची.' बरोबर. कशावरून? 'मधे दोन्ही सारखं हाय. पर हितं कोपऱ्यात पॅड गेलेलं न्हाई.' नळीभोवती बोटभर जागेत ओरखडे जसेच्या तसे होते. हाताच्या बाजूला तिथेही काळंभोर.

माझा निकाल त्यामुळे असा, आणि तो मशीनवाल्यांना आवडणार नाही. घासायचं असेल, खरं करेक्शन करायचं असेल, तर मशीनला पर्याय नाही. हाताने तेवढी ताकद आणि वेग येतच नाही. पण ग्लेजला ताकद लागतच नाही. मशीन वेळ वाचवतं आणि थर एकसारखा देतं, त्याने पुसायचा त्रास निम्मा होतो. चमक तेवढीच. मशीन घरात असेल तर टप, बॉनेट, डिकी त्याने करा आणि दरवाजे, खांब, हँडलच्या मागच्या वाट्या, नंबरप्लेटच्या वरची पट्टी हाताने करा. नसेल तर केवळ ग्लेजसाठी आठ-दहा हजारांचं मशीन घेऊ नका. बाकीची गाडी आम्ही अशीच मिसळून केली, सगळी मिळून साडेतीन तास, पोह्यांसकट. ग्लेज लागलं चाळीस-पंचेचाळीस मिलिलिटर, म्हणजे एका बाटलीत दहा वेळा तरी होईल. एका खेपेला दीडशे रुपये. साडेसहा हजारांशी तुलना मी करणार नव्हते, पण झाली.

आता जे जमलं नाही ते. डाव्या मागच्या दरवाजावर कुणीतरी किल्लीने ओढलेला चरा आहे, हातभर लांब. नख अडकतं त्यात. मला वाटलं, निदान थोडा तरी लपेल. उलट झालं: चऱ्यात ग्लेजची पूड वाळून बसली आणि काळ्या दरवाजावर खडूने रेघ मारल्यासारखी पांढरी रेघ उठून दिसायला लागली. ती मला जुन्या टूथब्रशने काढावी लागली. नख अडकलं की ग्लेजचा विचार सोडा. तिथे टचअप नाहीतर लांबी. तोच टूथब्रश मग काचेच्या रबरी बीडिंगवर आणि बंपरच्या काळ्या प्लास्टिकवरही चालवावा लागला, कारण तिथेही पांढरं बसलं होतं. पाच मिनिटं टेप लावायचा कंटाळा केला, त्याचा पाऊण तास गेला.

पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला हा खटाटोप करू नका. दिरांच्या पांढऱ्या गाडीच्या एका दरवाजाला लावून बघितलं, त्यांनाच कुठल्या दरवाजाला लावलं ते शोधता येईना. आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा टिकाऊ संरक्षक थर) करायचं मनात असेल तर त्याआधी ग्लेज अजिबात नको. कोटिंगला कोरा, तेलविरहित रंग लागतो. खाली तेल असेल तर ते धरत नाही. कुणी तुम्हाला 'आधी ग्लेज मग सिरॅमिक' असं पॅकेज सांगितलं तर गाडीची किल्ली परत मागून घ्या.

टिकतं किती? यासाठी टपाचे दोन भाग केले होते. ड्रायव्हरच्या बाजूला ग्लेजवर दुसऱ्या दिवशी कार्नोबा मेणाचा एक हात, दुसऱ्या बाजूला नुसतं ग्लेज. नुसत्या ग्लेजच्या बाजूला तिसऱ्या धुण्याला जाळं डोकावलं, पाचव्याला जैसे थे. म्हणजे त्या डिटेलिंगवाल्याने वर मेणसुद्धा लावलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं आणि पुन्हा एकदा राग आला. मेणाच्या बाजूने एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तग धरला, जवळजवळ आठ आठवडे, सौम्य शांपूने. मेच्या वळवात दोन्हीकडे सारखंच झालं. लग्नसराईच्या आधी, गाडी विकायच्या आधी (खरेदीदारांनो, स्पिरिट जवळ ठेवा), फोटोबिटो काढायच्या आधी ग्लेज उत्तम. वर्षभर चमकावी म्हणून लावत असाल तर दर दोन महिन्यांनी रविवार द्यायची तयारी ठेवा. माझी आहे. क्लिअर कोट जाड होणार नाही, दर वेळी घासून पातळ करण्यापेक्षा दर वेळी भरणं मला परवडतं.

पोरग्याला मी दोन बादल्या आणि सहा मायक्रोफायबर घेऊन दिले, आणि पुसायच्या आधी नळीने धूळ उतरव म्हणून सांगितलं. महिन्याला चारशेचे पाचशे केले. पहिल्या आठवड्यात त्याने मायक्रोफायबर सगळ्या गाड्यांना वापरले. आता माझे वेगळे ठेवतो म्हणतो.

बाटली अण्णांच्या घरी ठेवली होती. मार्चमध्ये गेले तर पार्किंगमध्ये त्यांची चेतक उभी, बजाजची, निळी. निळी होती असं म्हणायचे. पंचवीस वर्षं उन्हात राहून ती खडूसारखी पांढुरकी झाली होती, हात लावला की पूड यायची. तिच्यावर क्लिअर कोट नाही, नुसता रंग. अण्णांनी रात्री पुढच्या मडगार्डला ग्लेज भरपूर चोपडलं, पुसलंच नाही, तसंच सोडलं. सकाळी पुसलं. त्यांच्या हातातलं धोतराचं फडकं निळंशार झालेलं. मी घाबरले, म्हटलं अण्णा, रंग निघतोय. म्हणाले, 'मेलेला निघतोय.' तीन रात्री त्यांनी हेच केलं. कोरडा पडलेला जुना रंग तेल पितो, वरची मेलेली पूड फडक्यात येते, आणि खालून निळा वर येतो. माझ्या गाडीवर ग्लेजने नुसतं झाकलं होतं. या मडगार्डवर मी स्पिरिट फिरवून बघायला निघाले होते, अण्णांनी हात धरला.

बाकीची चेतक अजून व्हायचीय. बाटलीत तीन बोटं ग्लेज उरलंय, आणि माझी गाडी त्यानंतर एकदाच झाली आहे.